नटाचा हंगाम

एखाद्या नटाच्या आयुष्याविषयीं बोलतांना आपण जे शब्द वापरतों ते सारे चढ-उताराचे असतात. तो ‘पुढें आला’, ‘वर चढला’, ‘नांवारूपास आला’; किंवा उलट, तो ‘मागें पडला’, ‘उतरणीस लागला’, ‘वायां गेला’. शेतकऱ्याविषयीं, कुंभाराविषयीं किंवा शाळामास्तराविषयीं आपण असें बोलत नाहीं. तीस वर्षें तेंच शेत नांगरणाऱ्या शेतकऱ्याला मागें पडला असें कोणी म्हणत नाहीं, आणि तीस वर्षें तीच इयत्ता शिकविणाऱ्या पंतोजीला वायां गेलेला माणूस ठरविण्याचें धाडस त्याच्या विद्यार्थ्यांनाही होत नाहीं. नटानें मात्र चढलेंच पाहिजे. गांवच्या मांडवांतून तालुक्याला, तालुक्याहून नागपूर-पुण्याला, तेथून मुंबईच्या नाट्यगृहांत आणि नाट्यगृहांतून पडद्यावर, अशी एक शिडी आपण मनांत उभी करून ठेविली आहे. आणि ज्या पायरीवर तो थांबेल तिच्यावरून त्याची किंमत करण्याची आपणांस संवय झाली आहे. ही शिडी खरी आहे काय, आणि खरी असली तरी नटाचें आयुष्य तिनें मोजणें न्याय्य आहे काय, हा प्रश्न आम्हांस येथें विचारावयाचा आहे. प्रश्न रसशास्त्राचा नव्हे, नीतीचा आहे. कारण माणूस ज्या मापानें मोजला जातो त्याच मापानें त्याला मजुरी मिळते, मान मिळतो आणि म्हातारपणीं आधार मिळतो किंवा मिळत नाहीं.

नटाविषयींचा अविश्वास आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ज्यांचें अन्न खाऊं नये अशा लोकांची जी यादी आहे तींत शैलूष, म्हणजे नट, आहे. कौटिल्यानें बाहेरून खेळ घेऊन येणाऱ्यांवर पांच पणांचें प्रेक्षावेतन बसविलें. खुद्द नाट्यशास्त्राच्या अखेरीस अशी कथा आहे कीं, भरताच्या पुत्रांनीं ऋषींचीं सोंगें आणून त्यांचा उपहास केला आणि ऋषींनीं चिडून त्यांना शूद्रत्वाचा शाप दिला. नाट्याला पांचवा वेद म्हणणाऱ्या ग्रंथानेंच नाट्य करणाराच्या कपाळीं शाप लिहावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कलेला पाट आणि कलावंताला उंबऱ्याबाहेरची जागा, ही वांटणी तेव्हांपासून चालत आली. आज नटाच्या घरचें अन्न कोणी नाकारीत नाहीं. किंबहुना नामांकित नटाच्या पंक्तीला बसावयास मिळालें तर आपण त्याचें छायाचित्र चार लोकांस दाखवीत सुटतों. पण तो मान पायरीला असतो, नटाला नव्हे. खालच्या पायरीवरील नटाला खोली भाड्यानें देतांना घरमालक अजून दोनदां विचार करतो.

मराठी साहित्यांत एके काळीं ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा वाद फार गाजला आणि तो फडके व खांडेकर यांच्या नांवांशीं कायमचा जोडला गेला. दोन्ही पक्षांनीं कलेच्या ध्येयाविषयीं हिरिरीनें लिहिलें. पण ज्याला कलेवर त्याच दिवशीं संध्याकाळची चूल पेटवावयाची आहे त्याची आठवण त्या वादांत क्वचितच कोणाला झालेली दिसते. याचें कारण उघड आहे. वाद घालणारे लेखक होते. लेखक एकटा लिहितो, लिहिलेलें मागें उरतें, आणि आज कोणी वाचलें नाहीं तर उद्यां कोणी वाचील अशी आशा त्याला धरतां येते. नटाला हा उद्यां नाहीं. पडदा पडला कीं त्याचें काम संपलें, आणि पुढला पडदा उघडेपर्यंत तो नट आहे कीं नाहीं याविषयीं त्याच्या घरांतल्यांनाही शंका येऊं लागते.

आपल्या चित्रपटाचा आरंभ तर खरोखरीच चुलीपाशीं झाला. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हां तारामतीच्या कामासाठीं कोणी स्त्री मिळेना. अखेर मुंबईच्या एका उपाहारगृहांत स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनीं त्या कामासाठीं घेतलें. हें १९१३ सालचें चित्र. चार वर्षांनीं ‘लंकादहन’मध्यें याच साळुंक्यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि पुढें कॅमेऱ्यामागें जाऊन ते छायाचित्रणही करूं लागले. आचारी, राणी, देव आणि देवी, मग छायाचित्रकार! हा क्रम शिडीचा मानावा कीं रोजगाराचा? इतिहासकारांस त्यांत चढती कमान दिसत असेल. आम्हांस त्यांत एक काम करणारा माणूस दिसतो, ज्याच्यापुढें जें काम आलें तें त्यानें नीट केलें.

याच्या शेजारीं दुसरें एक उदाहरण ठेवूं. १९८८ सालीं मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला. त्यांत मुंबईच्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलांनींच कामें केलीं होतीं, आणि मुख्य भूमिका करणाऱ्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट करणाऱ्यांनीं त्या मुलांकडे पाठ फिरविली असें म्हणतां येणार नाहीं. त्यांतून रस्त्यावरील मुलांसाठीं एक विश्वस्त संस्थाही उभी राहिली. तो मुलगा मोठा होऊन बंगळुरांत ऑटोरिक्षा चालवूं लागला. ही हकीकत वर्तमानपत्रांनीं पुनःपुन्हा छापली आणि प्रत्येक वेळीं सूर एकच होता: केवढा हा ऱ्हास! रिक्षा चालविण्याला कोणी पाप म्हणत नाहीं, तरी त्या बातमींत रिक्षा हा शब्द शोकरसाच्या परिपोषासाठीं येतो. शोक कशाचा, हें मात्र कोणी नीट सांगत नाहीं. आमच्या मतें शोक रिक्षेचा नाहीं. त्या रिक्षेवरून रंगभूमीकडे परत जाणारी वाट नव्हती, याचा आहे.

अशी परतीची वाट असलेला एक मुलूख महाराष्ट्रांतच आहे, आणि तो मुंबई-पुण्याच्या रसिकांस फारसा ठाऊक नाहीं.

वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग मिळून झाडीपट्टी होते. गडचिरोली हा १९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग होता, आणि चंद्रपुराला त्याआधीं चांदा म्हणत. ‘झाडी’ म्हणजे जंगल. नांवांतच मुलखाचें वर्णन आलें. येथील वर्ष पंचांगापेक्षां धानावर आणि झाडांवर चालतें. आषाढ-श्रावणांत चिखलांत उभें राहून रोवणी करावयाची, कार्तिकाच्या सुमारास बांधींतलें धान कापावयाचें, फाल्गुन-चैत्रांत पहाटे उठून मोहफुलें वेंचावयाचीं, आणि वैशाखाच्या उन्हांत तेंदूचीं पानें तोडून त्यांचे पुडे बांधावयाचे. धान कापून झाल्यापासून मोहफुलें गळूं लागेपर्यंत जो काळ उरतो त्या काळाचें पीक म्हणजे नाटक. आम्ही हें अलंकार म्हणून लिहीत नाहीं. हातीं धानाचे पैसे, अंगांत थोडी सवड, रात्रीं लांब आणि आभाळ स्वच्छ, या चार गोष्टी एकत्र आल्याखेरीज तें पीक येत नाहीं.

दिवाळी झाली कीं गांवोगांवीं मंडई भरते, कित्येक ठिकाणीं बैलांचा शंकरपट होतो, आणि त्या दिवशीं रात्रीं नाटक ठेवण्याची प्रथा आहे. पूर्वीं दंडार आणि खडी गंमत हे येथले मुख्य खेळ. त्यांत बायकांचीं सोंगेंही पुरुषच घेत. त्या खेळांच्या अंगणांत पुढें पडद्याचें, गाण्यांचें, अंकांचें नाटक येऊन बसलें आणि इतकें रुजलें कीं महाराष्ट्राच्या इतर भागांतून हंगामी तंबूचें नाटक ओसरलें तरी येथें तें वाढतच गेलें. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, ज्याचें सरकारी नांव देसाईगंज, हें या व्यवहाराचें पेठेचें गांव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या लहानशा शहरांत डझनावारी नाट्यमंडळांच्या कचेऱ्या आहेत. हंगामाच्या तोंडाशीं गांवोगांवचीं मंडळें तेथें येतात, कोणतें नाटक, कोणती तारीख, किती रुपये, हें ठरवितात आणि विसार देऊन जातात. मग त्या मंडळानें तिकिटें विकावयाचीं, मांडव घालावयाचा आणि नफा-तोटा आपल्या शिरावर घ्यावयाचा. धान्याचा बाजार भरावा तसा हा नाटकांचा बाजार भरतो, आणि त्यांत कांहीं लाजिरवाणें आहे असें तेथें कोणाला वाटत नाहीं.

प्रयोगाची रात्र पाहण्यासारखी असते. कित्येक गांवीं मोकळ्या शेतांत जमीन खणून प्रेक्षकांची बैठक खालीं करतात, म्हणजे मागल्या माणसालाही रंगमंच नीट दिसावा. भोंवतीं कनाती, वर कापड. बाहेर जेवणाच्या पाट्या, चहाच्या भट्ट्या, पोरांचीं खेळणीं. गांवांतलें प्रत्येक घर पाहुण्यांनीं भरलेलें असतें. लेकी माहेरीं येतात, आणि उपवर मुलामुलींच्या सोयरिकी याच एकदोन दिवसांत बोलल्या जातात. रात्रीं दहाच्या सुमारास सुरू झालेलें नाटक उजाडेपर्यंत चालतें. आर्गनवाला आणि तबलजी समोर बसलेले असतात, कोपऱ्यांत प्रॉम्प्टर असतो, करुण प्रवेशामागून विनोदी प्रवेश आणि त्यामागून लावणी येते. थंडी वाढते तसे प्रेक्षक घोंगड्या-चादरी पांघरतात, पण उठत नाहींत. पहाटे धुक्यांत माणसें घरोघर जातात आणि नटमंडळी मोटारींत बसून पुढल्या गांवाला निघतात. त्यांना त्याच रात्रीं दुसरीकडे तोंडाला रंग लावावयाचा असतो.

हे नट कोण? कोणी चार बांध्यांचा धनी, कोणी दुसऱ्याच्या बांधींत रोजानें जाणारा, कोणी शिंपी, कोणी गवंडी, कोणी दुकानदार, कोणी शाळेंत शिकविणारा. हंगामांत त्यांचा हिशेब ‘नाईट’वर चालतो: अमक्याच्या इतक्या नाईटी झाल्या, तमक्याला नाईटीला इतकें मिळतें. पाऊस पडला कीं तेच हात रोवणीला जातात. मुंबईंत नट रिक्षा चालवीत आहे हें कळल्यावर आपण हळहळतों. वडशाकडे तें कळल्यावर लोक एवढेंच म्हणतील कीं सध्यां उन्हाळा आहे. गोष्ट तीच, पण एकीकडे ती पडझड होते आणि दुसरीकडे ऋतु होतो. आम्हांस जें सांगावयाचें आहे तें मुख्यतः एवढेंच आहे. नटाचें आयुष्य शिडीवरच मोजलें पाहिजे असें नाहीं. शेतकऱ्याचें मोजतों तसें हंगामांवर मोजतां येतें, आणि तसें मोजलें म्हणजे ज्यांना आपण वायां गेलेले म्हणतों त्यांतील पुष्कळजण आपल्या कामांत मुरलेले कसबी लोक आहेत असें दिसून येतें.

यावर पहिला आक्षेप रसिकांचा येतो. हें नाटक भडक आहे, त्यांत अश्रूंचे पाट वाहतात, खलनायक मोठ्यानें हंसतो, आणि मधल्या नाचगाण्यांचा कथानकाशीं संबंध लावतां येत नाहीं, असें ते म्हणतात. यांतलें बरेंचसें खरें आहे, आणि कांहीं मंडळांनीं गर्दीसाठीं नाचांचें प्रमाण वाढविलें हेंही खरें. पण रात्रभर उघड्यावर बसलेल्या हजारों माणसांना सांभाळणें म्हणजे काय, याची कल्पना दोन तासांत आटोपणाऱ्या, वातानुकूलित नाट्यगृहांतल्या नाटकावरून येत नाहीं. शेवटच्या ओळींतल्या म्हातारीपर्यंत आवाज जावयाचा तर हळुवारपणा कोठेंतरी मोडतोच. शिवाय याच रंगभूमीवर हुंडा, दारू, अंधश्रद्धा, शेतकऱ्याचें कर्ज, हे विषय येतात; आणि ज्याच्या घरीं तें घडलें आहे तोच माणूस समोर बसलेला असतो. या आक्षेपावर अधिक शाई खर्चण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. भडक नाटकाचाही नट उपाशी राहूं नये, एवढें त्याचें उत्तर पुरे.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो आम्हीच आमच्यावर घेतों. हंगामाचें हें चित्र रम्य आहे, पण रम्य चित्रांतून नेहमीं कोणाची तरी सोय होत असते. नटाला शेत आहे, मग त्याला वर्षभराच्या पगाराची काय गरज, असें कंत्राटदार म्हणूं शकतो. त्याला मजुरी आहे, मग आजारपणाची तरतूद कशाला, असें मंडळ म्हणूं शकतें. तो तर हौशी कलावंत, असें सरकारला म्हणतां येतें. हंगामाचा फायदा सर्वांस आणि हंगामाबाहेरचा भार एकट्या नटावर, असें झालें तर रंगभूमि शेतावर आणि नटाच्या बायकोच्या कष्टांवर जगते आहे असेंच म्हणावें लागेल. ज्याच्या घरीं शेत नाहीं त्याचें काय? शहरांतल्या शिडीवरून पडणाऱ्यापेक्षां त्याची स्थिति अधिक बरी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

विशेषतः स्त्रियांचा विचार केला म्हणजे ही गोष्ट बोंचते. दंडारींत स्त्रीपार्टी पुरुष होता. आतां नायिकेचें काम स्त्री करते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी नागपूर आणि त्याहूनही दूरच्या गांवांहून हंगामापुरत्या वडशाला येऊन राहतात. हंगाम संपला कीं पुरुष नट आपल्या गांवीं, आपल्या बांधीवर जातो. ही बाई जाते तेथें बहुधा भाड्याची खोली असते. हंगामभर जिच्या नांवावर तिकिटें खपलीं तिचें नांव गांवांतली सभ्य बाई शेजारणीजवळ कोणत्या स्वरांत उच्चारते, हें वाचकांस सांगावयास नको. पहाटे मोटारींतून परततांना ती जितकी सुरक्षित असेल तितकीच आमची ही कलाभक्ति खरी. वय झालेल्या पुरुष नटाला बापाच्या, सासऱ्याच्या, पाटलाच्या भूमिका मिळतात आणि आवाज गेला तरी प्रॉम्प्टरचें स्टूल मिळतें; चाळिशी उलटलेल्या नायिकेसाठीं नाटककारांनीं फारशा भूमिका लिहून ठेविलेल्या नाहींत. तिच्यापुढें शिडीही नाहीं आणि ऋतुचक्रही नाहीं.

आणि चक्रही थांबतें. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यती बंद केल्या. ज्या गांवांत नाटक शंकरपटाच्या आधारानें उभें होतें तेथें तो आधार गेला, आणि पुन्हा परवानगी मिळण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडला. बैलांच्या हालांविषयीं न्यायालयानें जो विचार केला तो अप्रस्तुत होता असें आम्ही म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नटाची भाकरी बैलाच्या शेपटीला बांधलेली आहे हें त्या खटल्यांत कोणाच्या ध्यानांत येण्याचें कारण नव्हतें. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें देश बंद झाला तेव्हां हंगाम सरत आला होता. पण पुढला हंगामही बहुतांशीं बुडाला. बांधी असलेल्यांनीं धान खाल्लें. आर्गनवाल्याला आर्गन खातां येत नाहीं.

म्हणून आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही असें मांडतों. एखाद्याला वर्षाचे सहा महिने दुसरें काम करावें लागतें यांत त्याचा अपमान नाहीं आणि अन्यायही नाहीं. पण तें काम सोडून परत येण्याची त्याची जागा कोणाच्या तरी लहरीवर अवलंबून असली तर अन्याय आहे. शिडीच्या जगांत अन्याय असा असतो कीं थोडे वर जातात आणि उरलेल्यांना आपण विसरतों. हंगामाच्या जगांत तो असा असतो कीं सर्वांना आपण आठवतों, पण फक्त हंगामांत.

चित्रपटाच्या कामगारांसाठीं संसदेनें १९८१ सालीं कायदे केले. कामाच्या अटींचा लेखी करार असावा, तंटा सोडविण्याची सोय असावी, कल्याणनिधि असावा, अशा त्यांत तरतुदी होत्या. २०२० च्या कामगार-संहितांनीं ते विषय आपल्यांत घेतले. कागदावरचा करार मुंबईच्या दिवेवाल्याला कितपत उपयोगी पडला हा स्वतंत्र विषय आहे. ज्याचें नांव पडद्यावर शेवटीं धांवत्या यादींत येतें आणि तें येईपर्यंत प्रेक्षक खुर्ची सोडून दाराशीं पोंचलेला असतो, असा तो माणूस. तरी त्याच्यासाठीं निदान कायद्यानें शब्द तयार केला. वडशाहून ट्रकमध्यें पडदे, दिवे आणि कर्णे भरून नेणारा, नट झोंपलेले असतांना दिवसा मंच उभारणारा आणि नट निघून गेल्यावर तो मोडणारा जो कामगार, त्याच्यासाठीं असा शब्दही कायद्यांत आम्हांस दिसत नाहीं. त्याचा करार तोंडी असतो आणि त्याची साक्ष रात्रींच्या अंधारांत विरते.

साक्षीचा हा प्रश्न म्हातारपणीं फार महत्त्वाचा होतो. महाराष्ट्र सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतें. २०२४ पासून तें दरमहा ५,००० रुपये झालें. योजना चांगली आहे. पण अर्ज करणारानें आपण कलावंत असल्याचे पुरावे जोडावयाचे असतात, आणि नटाजवळ पुरावा काय असतो? एखादें फाटकें हस्तपत्रक, ज्यावर त्याचें नांव नायिकेच्या चित्राखालीं बारीक अक्षरांत छापलें आहे; एखाद्या मंडळानें दिलेली शाल. ज्या चाळीस गांवांनीं त्याला पाहून आसवें गाळलीं त्यांचा दाखला कोणत्या कचेरींत मिळतो? आमची सूचना अशी कीं, जें गांव नाटक ठेवतें त्याच्या ग्रामपंचायतीनें एका वहींत त्या रात्रीच्या सर्व नटांचीं, वादकांचीं आणि मंच उभारणाऱ्यांचीं नांवें लिहून ठेवावीं. खर्च एका वहीचा आहे. मंडळें जमाखर्चाच्या वह्या ठेवितात, मग ही आणखी एक ठेवणें त्यांना अवघड जाऊं नये.

२०२३ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील गुरनोलीचे परशुराम खुणे यांस पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां या रंगभूमीचें नांव दिल्लीपर्यंत पोंचलें. त्या निमित्तानें त्यांचा जो परिचय प्रसिद्ध झाला त्यांत ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका असा आंकडा होता. आम्हांस त्या आंकड्याचें फार अप्रूप वाटलें. शहरांतल्या नटाचा परिचय लिहितांना कोणत्या दिग्दर्शकाबरोबर, कोणत्या नाट्यगृहांत, कोणता पुरस्कार, असें लिहितात. म्हणजे पायऱ्या मोजतात. येथें रात्रीं मोजल्या होत्या. पांच हजार रात्रीं ज्यानें लोकांना हंसविलें आणि रडविलें त्याच्याबाबतींत ‘तो कोठवर पोंचला’ हा प्रश्नच उरत नाहीं. मात्र एका सन्मानाकडे बोट दाखवून बाकीच्यांची वासलात लावूं नये. पद्मश्रीहि शेवटीं पायरीच आहे, आणि तिच्यामुळें वडशाच्या बाजारांतल्या एखाद्या तबलजीची नाईट वाढली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या जंगलांत आतां कॅमेराही येऊं लागला आहे. हेमलकशाच्या प्रकाश आमट्यांवर २०१४ सालीं चित्रपट झाला. २०१७ च्या ‘न्यूटन’ची कथा दंडकारण्यांतल्या एका मतदानकेंद्राची होती, चित्रण शेजारच्या छत्तीसगडांत झालें आणि त्यांत स्थानिक लोकांनींही कामें केलीं. असे चित्रपट व्हावेत. जंगलांतला माणूस पडद्यावर नुसता बाण मारणारा म्हणून दिसत असे त्यापेक्षां हें पुष्कळ बरें. पण कॅमेरा महिनाभर राहून जातो. तो गेल्यावर ज्या तरुणानें दोन प्रवेशांत काम केलें त्याच्या डोळ्यांपुढें पहिल्यांदाच ती शिडी उभी राहते, आणि गांवच्या मंडईंतलें नाटक त्याला अकस्मात् लहान वाटूं लागतें. तो मुंबईस जातो. कोणी त्याला अडवूं नये. साळुंक्यांना कोणी अडविलें असतें तर तारामती कोणी केली असती? फक्त त्याला नेणारानें, किंवा नेण्याचें स्वप्न दाखविणारानें, एक गोष्ट स्पष्ट सांगावी, कीं हें काम महिन्याचें आहे आणि पुढल्या महिन्याविषयीं आम्ही कांहीं बोललेलों नाहीं. एवढें एक वाक्य पुष्कळांच्या आयुष्याचीं वर्षें वांचवील. तें सहसा बोललें जात नाहीं, कारण तें बोलल्यावर तरुण दुसऱ्या प्रवेशांत तितक्या जीव ओतून काम करील कीं नाहीं याची दिग्दर्शकास धास्ती असते.

राहतां राहिला अवकाळी पावसाचा प्रश्न. लहान दिसतो, पण आमच्या मतें या सगळ्या विचाराची परीक्षा त्यांत आहे. माघांत कधीं कधीं आभाळ भरून येतें. मांडव घातलेला असतो, तिकिटें खपलेलीं असतात, नट तोंडाला रंग लावून पडद्यामागें बसलेले असतात, आणि दुसऱ्या अंकांत पाऊस येतो. बैठकीच्या खड्ड्यांत पाणी साठतें, प्रेक्षक चादरी डोक्यावर घेऊन पळतात. मंडळ म्हणतें, प्रयोग झालाच नाहीं, पैसे कसले? कंपनी म्हणते, आम्ही आलों होतों. दोघांचेंही म्हणणें पोटाचें आहे आणि दोघांनाही वर्षभर पुन्हा एकमेकांशीं व्यवहार करावयाचा आहे. आमच्याकडे कोणी निवाडा मागितला तर आम्ही सांगूं कीं तिकिटाचे पैसे प्रेक्षकांस परत न करितां पुढल्या तारखेस तेंच तिकीट चालवावें. कंपनीचा नफा आणि मंडळाचा नफा दोन्ही त्या रात्रीपुरते सोडावे. आणि रंग लावलेल्या प्रत्येक माणसाची, तबल्यावर कापड टाकून बसलेल्या तबलजीची आणि भिजलेले पडदे उतरविणाऱ्या पोराची नाईट त्याच रात्रीं, मोटार निघण्यापूर्वीं, मोजून हातावर ठेवावी.